डेव्हिड लिव्हिंगस्टन : औषधाची पेटी हरवलेला प्रवासी



हिवताप म्हणजेच मलेरिया हा धडा आपण दरवर्षी पावसाळ्यात शिकतो. साचलेलं पाणी, डास, मच्छरदाणी हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. म्हणून या वेळी मी तुम्हाला धडा न सांगता एका माणसाची जीवनकथा सांगणार आहे. हा माणूस स्वतः डॉक्टर होता. हिवतापावरचं औषध त्याला माहीत होतं, इतकंच नाही तर त्याच्या नावाच्या गोळ्या पुढे दुकानात विकल्या गेल्या. तरीही हिवतापाने त्याचं घर मोडलं आणि शेवटी त्यालाही नेलं. आणि हो, या कथेत आपलं मुंबई आहे, आपलं नाशिकही आहे. शेवटपर्यंत वाचा.

जन्म व बालपण

डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी झाला. गावात कापसाच्या सुताची मोठी गिरणी होती. गिरणीच्या चाळीत एका खोलीत हे अख्खं कुटुंब राहायचं. वडील गावोगाव फिरून चहा विकायचे. घरची परिस्थिती बेताचीच.

दहा वर्षांचा झाल्यावर छोटा डेव्हिड गिरणीत कामाला लागला. तुटलेले धागे जोडायचं काम. सकाळी सहाला सुरू होऊन रात्री आठपर्यंत. त्यानंतर दोन तास रात्रशाळा! पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने काय घेतलं असेल? खाऊ नाही, खेळणं नाही. लॅटिन भाषेच्या व्याकरणाचं पुस्तक घेतलं. सूत कातायच्या यंत्रावर पुस्तक उघडं ठेवायचं आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचं, असा त्याचा अभ्यास चाले. आपल्याकडे आज टेबल-खुर्ची आणि दिवा असूनही अभ्यासाला बसवत नाही, तेव्हा हा मुलगा जरूर आठवावा.

शिक्षण आणि आफ्रिका

गिरणीत काम करून साठवलेल्या पैशांवर त्यांनी ग्लासगो इथे वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. डॉक्टर आणि धर्मप्रचारक होऊन चीनला जायचं त्यांनी ठरवलं होतं. पण तिकडे अफूचं युद्ध पेटलं आणि तो बेत राहिला. त्याच सुमारास आफ्रिकेत अनेक वर्षं काम केलेले रॉबर्ट मॉफट त्यांना भेटले. त्यांच्याशी बोलून लिव्हिंगस्टन यांनी दिशा बदलली. १८४१ साली ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले.

१८४४ साली एका सिंहाने त्यांच्यावर झडप घातली आणि डाव्या हाताचं हाड मोडलं. हा हात पुढे कधीच नीट झाला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा येणार आहे. १८४५ मध्ये मॉफट यांच्या मुलीशी, मेरीशी त्यांचं लग्न झालं.

१८४९ साली ते कालाहारीचं वाळवंट ओलांडून न्गामी सरोवरापर्यंत गेले. पुढच्या वर्षी बायको-मुलांनाही घेऊन गेले. पण सरोवराच्या काठी डासांचा सुळसुळाट होता आणि मुलं तापाने फणफणली. बेत अर्धवट टाकून सगळ्यांना परत फिरावं लागलं. हिवतापाशी या कुटुंबाची ही ओळख. १८५२ साली त्यांनी मेरी आणि मुलांना केपटाऊनहून जहाजाने ब्रिटनला पाठवलं आणि स्वतः एकटे परत आफ्रिकेच्या आत निघाले.

थोडं सामान, मोठा प्रवास

१८५३ च्या नोव्हेंबरमध्ये लिन्यांती या गावाहून लिव्हिंगस्टन पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने निघाले. मकोलोलो लोकांचा राजा सेकेलेटू याने त्यांच्यासोबत २७ माणसं दिली. सामान किती? एक छोटा तंबू, पांघरायला मेंढीचं कातडं, घोड्याच्या पाठीवर टाकतात तसली घोंगडी, थोडा चहा, साखर, कॉफी, कपड्यांचे एक-दोन जोड, काही पुस्तकं आणि लोकांना चित्रं दाखवायला एक जादूचा कंदील. बसायला सिंदबाद नावाचा बैल. ओझं जास्त असेल तर लोकांची नजर त्यावर जाते आणि चालही मंदावते, हे त्यांना ठाऊक होतं. आज पाठीवर एक बॅग टाकून कमी खर्चात जग बघायला निघणारी तरुण मुलं असतात ना, तसाच हा प्रवास. खिसा हलका आणि पायांवर भरवसा.

पण सामान कमी करताना शरीर काही वेगळं होत नाही. वाटेत नद्या, दलदल, सततचा पाऊस. हिवतापाने त्यांना पुन्हा पुन्हा गाठलं. ३१ मे १८५४ रोजी लुआंडा बंदरात पोहोचले तेव्हा ते हाडांचा सापळा झाले होते. बंदरात इंग्रजांची जहाजं होती आणि त्यातून घरी जाणं सहज शक्य होतं. पण सोबत आलेली २७ माणसं त्यांच्याशिवाय अनोळखी मुलखातून आपल्या गावी परतू शकली नसती. म्हणून ते जहाजात बसले नाहीत. बरं वाटल्यावर आलेल्याच वाटेने परत पायी निघाले. मित्रांनो, माणूस मोठा कशाने होतो, ते इथे कळतं.

तिथून पुढे ते पूर्वेकडे निघाले. नोव्हेंबर १८५५ मध्ये त्यांनी झांबेझी नदीवरचा प्रचंड धबधबा पाहिला. तिथले लोक त्याला गर्जणारा धूर या अर्थाचं नाव, मोसी-ओआ-तुन्या, कधीपासूनच वापरत होते. लिव्हिंगस्टन यांनी राणीच्या नावावरून त्याला व्हिक्टोरिया धबधबा म्हटलं. मे १८५६ मध्ये ते पूर्व किनाऱ्यावर पोहोचले आणि त्याच वर्षाच्या शेवटी मायदेशी परतले.

लिव्हिंगस्टन यांच्या गोळ्या

आता औषधाचं बघू. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीने थंडीताप उतरतो, हे लोकांना आधीपासून माहीत होतं. १८२० साली पेल्तिए आणि कावाँतू या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्या सालीतून क्विनाइन वेगळं काढलं. लिव्हिंगस्टन यांनी क्विनाइनमध्ये रेवाचिनी, जालप नावाच्या मुळीचा अर्क आणि पाऱ्यापासून बनवलेलं कॅलोमेल मिसळून गोळ्या केल्या. (या गोळ्या आता कोणी वापरत नाही, पारा विषारी असतो. घरी काही करून बघू नका!) महत्त्वाचं हे की ताप आला की वाट न बघता लगेच आणि पुरेशा मात्रेत क्विनाइन द्यायचं, हे त्यांनी ओळखलं. त्या काळी बरेच डॉक्टर तापात रोग्याचं रक्त काढत आणि त्याला आणखी अशक्त करत.

१८५४ साली डॉ. बेकी यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर नदीवर जहाज नेलं, तेव्हा सोबतच्या युरोपियन लोकांना रोज क्विनाइन दिलं. त्या सफरीत तापाने एकही माणूस दगावला नाही. म्हणजे औषध होतं, ते कसं घ्यायचं हेही कळू लागलं होतं. कळलं नव्हतं ते एकच. ताप येतो कुठून? दलदलीतल्या दूषित हवेतून येतो असंच सगळे मानत. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा असा आहे. डास जिथे फार, तिथे हा तापही असतो, असं लिव्हिंगस्टन यांनी लिहून ठेवलं होतं. उत्तर त्यांच्या कानाजवळ गुणगुणत होतं, पण ते ओळखायला जग अजून तयार नव्हतं.

१८६२ : घर मोडलं

१८५८ साली लिव्हिंगस्टन सरकारी मोहीम घेऊन झांबेझी नदीवर परतले. त्यांच्या मागोमाग धर्मप्रचारकांची एक तुकडी आली. तिचे प्रमुख होते बिशप मॅकेंझी. जानेवारी १८६२ मध्ये मॅकेंझी आणि त्यांचा सहकारी होडीतून जात असताना होडी उलटली आणि औषधं पाण्यात गेली. औषधाशिवाय ते एका बेटावर थांबून राहिले. ३१ जानेवारीला मॅकेंझी तापाने वारले आणि काही दिवसांत सहकारीही गेला.

त्याच दिवसांत मेरी नवऱ्याला भेटायला जहाजाने आली होती. त्याच जहाजात मॅकेंझींची बहीण आणि त्या सहकाऱ्याची पत्नीही होत्या. ज्यांना भेटायला आल्या, ते आधीच गेले होते. विचार करा, त्या दोघींना काय वाटलं असेल?

मेरीला नदीमुखाजवळच्या सखल, दलदलीच्या भागात बरेच दिवस अडकून राहावं लागलं. एप्रिलमध्ये तिला ताप चढला. नवरा डॉक्टर, उशाशी बसलेला, औषध हाताशी. तरी उपयोग झाला नाही. २७ एप्रिल १८६२ रोजी शुपांगा इथे तिने प्राण सोडला. ती अवघी ४१ वर्षांची होती. एका मोठ्या गोरखचिंचेच्या झाडाखाली तिला पुरलं.

मुंबई आणि नाशिक

१८६३ साली सरकारने मोहीम परत बोलावली. लिव्हिंगस्टन यांच्याजवळ स्वतःच्या पैशाने बांधलेली लेडी न्यासा ही छोटी आगबोट होती. ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून दूर नेऊन विकायची होती. मग काय, ते स्वतःच कप्तान झाले! मोजकी माणसं आणि जेमतेम कोळसा घेऊन झांझिबारहून निघाले आणि सुमारे २५०० मैलांचा समुद्र ओलांडून पावसाळ्याच्या तोंडावर, जून १८६४ मध्ये, मुंबईला लागले. सोबत आलेल्या चुमा या मुलाला त्यांनी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे विल्सन. सुसी नावाचा दुसरा सोबती मुंबईच्या गोदीत कामाला राहिला.

पुढच्या वर्षी ते पुन्हा मुंबईला आले. बोट विकली तर जेवढ्याला बांधली त्याच्या निम्मीही किंमत आली नाही, आणि ते पैसे ज्या बँकेत ठेवले ती बँकही बुडाली. म्हणजे नव्या प्रवासासाठी खिसा पुन्हा हलकाच.

आता नाशिक. नाशिकमध्ये शरणपूर इथे मिशनचा एक आश्रम होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहत. ती लिहायला-वाचायला शिकत, सुतारकाम, लोहारकाम शिकत. नाशिककरांना शरणपूर रोड रोजच्या वापरातला, पण त्या नावामागे ही हकिकत आहे हे किती जणांना माहीत असतं? लिव्हिंगस्टन यांनी तिथून नऊ तरुण सोबत घेतले. जानेवारी १८६६ मध्ये ते मुंबईहून आफ्रिकेला निघाले. नाईल नदीचा उगम शोधायचा आणि गुलामांच्या व्यापाराची खरी माहिती जगापुढे आणायची, हे काम त्यांनी मनात धरलं होतं.

पेटी हरवली

वाटेत बरेच जण सोडून गेले. २० जानेवारी १८६७ चा दिवस उजाडला. औषधाची पेटी नेहमी एकच विश्वासू मुलगा उचलत असे. त्या दिवशी त्याने दुसऱ्या हमालाशी ओझ्याची अदलाबदल केली. तो हमाल आणि त्याचा जोडीदार सामान घेऊन जंगलात पसार झाले. मागोमाग जोराचा पाऊस आला आणि पाऊलखुणा पुसल्या गेल्या. पेटी परत मिळालीच नाही.

सगळं क्विनाइन त्या एका पेटीत होतं. आपल्या मरणावर शिक्का बसला, असं त्यांना त्या दिवशीच वाटून गेलं.

त्यानंतर ते सहा वर्षं चालत राहिले. मोठमोठी सरोवरं पाहिली, नकाशे केले, पण ताप आला की त्याला तोंड द्यायला हातात काही नसायचं. १८६९ साली टांगानिका सरोवराकाठी उजीजी गावात पोहोचले, तर त्यांच्यासाठी पाठवलेला माल लुटला गेलेला आणि औषधं अनेक दिवसांच्या अंतरावर दुसऱ्याच गावी अडकलेली. १८७१ च्या शेवटी हेन्री स्टॅन्ली हा पत्रकार त्यांना शोधत उजीजीला आला. त्याने अन्न, औषधं आणि घरची पत्रं आणली. काही दिवस लिव्हिंगस्टन पुन्हा ताजेतवाने झाले. स्टॅन्लीने परत चला म्हणून आग्रह केला, पण काम अपुरं आहे म्हणून ते गेले नाहीत. स्टॅन्लीने मागाहून पाठवलेल्या माणसांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या पावसाळ्यात बांगवेउलू सरोवराच्या दलदलीतून जाताना ताप आणि रक्ती आवेने त्यांना पुरतं खचवलं. आधी सोबत्यांनी खांद्यावर, मग डोलीतून नेलं. आजच्या झांबिया देशातल्या चितांबो यांच्या गावात, मे महिन्याच्या सुरुवातीला एका पहाटे, सोबती झोपडीत गेले तेव्हा ते बिछान्याशेजारी गुडघे टेकून होते. प्राण गेलेला होता.

सोबत्यांची थोरवी

चुमा, सुसी, जेकब आणि इतरांना तिथेच पुरून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. हृदय एका झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. नाशिकच्या शाळेत शिकलेली अक्षरं तिथे कामी आली. देह उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि हजार मैलांहून जास्त अंतर खांद्यावरून वाहत समुद्रकाठी आणला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो बंदरात पोहोचले. लंडनमध्ये डॉक्टरांनी देहाची ओळख कशावरून पटवली? सिंहाने मोडलेल्या डाव्या हाताच्या हाडावरून! १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचा दफनविधी झाला आणि शवपेटीसोबत जेकब वेनराइटही होता.

मग डास सापडला

लिव्हिंगस्टन गेल्यावर सात वर्षांनी, १८८० मध्ये, लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरला अल्जेरियात रोग्याच्या रक्तात हिवतापाचे परजीवी दिसले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना ते डासाच्या पोटात सापडले. वाईट हवेचा समज संपला. ॲनाफिलिस जातीच्या डासाची मादी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते आणि रोग पसरवते, हे जगाला समजलं.

यातून आपण काय घ्यायचं?

तुम्ही म्हणाल, सर, आम्ही कुठे आफ्रिकेत चाललोय? ऐका. माझा एक डी.एड.चा वर्गमित्र नोकरी मिळेना म्हणून पूर्व आफ्रिकेत एका दुकानात कामाला गेला. दिवाळीला गावी आला आणि दहा दिवसांनी ताप भरला. प्रवासाचा शीण असेल म्हणून तीन दिवस तापाच्या गोळ्यांवर काढले. डॉक्टरांनाही परदेशातून आलोय हे सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तो बोलताना बरळू लागला, तेव्हा वहिनींनीच डॉक्टरांना प्रवासाचं सांगितलं. मग लगेच रक्त तपासलं. वाचला, पण बरेच दिवस अंथरुणावर होता. आजही जगात दरवर्षी सुमारे सहा लाख माणसं हिवतापाने मरतात. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं असतात.

म्हणून नोकरी, सहल, जंगल सफारी, कशासाठीही हिवतापाच्या मुलखात जाणार असाल, तर हे लक्षात ठेवा :

१. निघण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. हिवताप टाळायच्या गोळ्या असतात. कोणती कोणाला चालेल हे डॉक्टरच ठरवतात. जुनी ओळखीची क्लोरोक्विनची गोळी आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी पुरेशी पडत नाही.

२. या गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परत आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात. घरी पोहोचलो म्हणून बंद करू नका.

३. काही देशांत जायला पीतज्वराची लस आणि तिचं कार्ड लागतं. त्या लशीने हिवताप टळत नाही. दोन्ही आजार वेगळे.

४. स्वस्तातली खोली घ्या, हरकत नाही. पण खिडकीला जाळी नसेल तर स्वतःची मच्छरदाणी हवीच. औषध लावलेली असेल तर उत्तम. कडा गादीखाली खोचा आणि भोक पडलं असेल तर शिवा.

५. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावा.

६. औषधं घरूनच न्या, आणि सगळी एकाच बॅगेत ठेवू नका. का, ते आता सांगायला नको!

७. परतल्यावर ताप आला, मग तो आठवड्याने असो की काही महिन्यांनी, त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे गेला होतात ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

८. तिकडेच जन्मलेले किंवा वाढलेले लोकही बरीच वर्षं बाहेर राहिले की त्यांची ताकद कमी होते. आपल्याला सवय आहे, असं म्हणून गाफील राहू नका.

लिव्हिंगस्टन यांच्याकडे ज्ञान होतं, धैर्य होतं, जीव लावणारे सोबती होते. फक्त औषधाची पेटी नव्हती, आणि शत्रू कोण हे माहीत नव्हतं. आपल्याला शत्रू माहीत आहे आणि पेटी आपल्याच हातात आहे.

विचार करा व लिहा

१. लुआंडा बंदरातून लिव्हिंगस्टन जहाजाने घरी का गेले नाहीत?
२. बिशप मॅकेंझी आणि लिव्हिंगस्टन यांच्या बाबतीत सारखी घडलेली गोष्ट कोणती?
३. जेकब वेनराइटला नाशिकमधल्या शिक्षणाचा उपयोग कसा झाला?
४. तुमच्या घरातून कोणी दूरच्या प्रवासाला गेलं असेल, तर त्यांनी हिवतापाची काय काळजी घेतली ते विचारा आणि पाच ओळी लिहा.